दोघांपुरतं अथेन्स

नोएडात दिवाळीनंतर एक सातवा ऋतू येतो. भाऊबीज उरकली की सकाळी बाल्कनीचं दार उघडायचं नाही, एअर प्युरिफायरवरचा आकडा बघायचा, प्रदूषणामुळे लागणाऱ्या 'ग्रॅप' निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की चौथा ते बातम्यांत ऐकायचं आणि मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या. शाळेत शिकवत होते तोवर हा काळ मी ऑनलाइन तासांमध्ये खोकत काढला. 2025 मध्ये मात्र बऱ्याच गोष्टी जुळून आल्या. मी निवृत्त झाले होते, मुलगी बंगळुरूला नोकरीत रुळली होती आणि नवऱ्याची रजा साठून वाया जायच्या बेतात होती. मी म्हटलं, या नोव्हेंबरात इथून बाहेर पडू. दोघंच.

'दोघंच' म्हटल्यावर नवरा जरा थबकला. त्याचंही बरोबर होतं. लग्न झाल्यापासून आमचा प्रवास म्हणजे केरळ एक्स्प्रेस किंवा तमिळनाडू एक्स्प्रेस धरून नागपूरला सासरी, तिथून पुण्याला माहेरी, मध्ये कुणाचं लग्न, कुणाची मुंज. एलटीसी घेऊन कन्याकुमारीला गेलो ते सासू-सासऱ्यांना घेऊन. लग्नानंतर माथेरानला गेलो तेव्हासुद्धा नणंदेचं कुटुंब बरोबर होतं. ते प्रवास वाईट नव्हते. पण त्यात काय बघायचं, कुठे जेवायचं, कधी निघायचं हे आम्हाला कधी ठरवावं लागलं नाही; घोळका जाईल तिकडे आम्ही जायचो.

आमच्या सेक्टरच्या महाराष्ट्र मंडळात बेत कळला तेव्हा सल्ल्यांचा पाऊस पडला. युरोपला जायचं तर केसरी किंवा वीणा वर्ल्डबरोबर जा, संध्याकाळी वरणभात मिळतो, हा एक. एवढं तिकीट काढताय तर निदान पाच देश करा, हा दुसरा. आणि नोव्हेंबरात कशाला, मे-जूनमध्ये जातात सगळे, हा तिसरा. ग्रुप टूरला मी नावं ठेवणार नाही, माझ्या आईने सत्तरीत स्वित्झर्लंड पाहिलं ते अशाच टूरमुळे. पण एकाच शहरात मुक्काम ठोकायचा आणि ते पायी बघायचं, एवढं माझं पक्कं होतं. नवऱ्याच्या अटी दोनच: समुद्र हवा आणि थंडी बेताची हवी. या दोन्ही अटी एकत्र केल्या की नकाशावर बोट आपोआप भूमध्य समुद्रावर येतं.

बार्सिलोना नवऱ्याने बाद केलं. 2024 च्या जुलैत तिथल्या रहिवाशांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या होत्या, ती बातमी त्याच्या लक्षात होती. होळीला नोएडात पुरेसं भिजून होतं, म्हणाला. रोमवर माझा जीव, पण 2025 हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, जगभरचे यात्रेकरू तिथे लोटणार. राहिलं अथेन्स. खरं सांगायचं तर माझ्या मनात ते फेब्रुवारीपासूनच होतं. तालकटोरा स्टेडियमवर 98 वं साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या, तेव्हा तिथल्या पुस्तकांच्या गाळ्यावरून मी मीना प्रभूंचं 'ग्रीकांजली' आणलं होतं. संमेलन संपून आठवडा व्हायच्या आत, 1 मार्चला, मीना प्रभू गेल्याची बातमी आली. मराठी बायकांच्या दोन पिढ्यांना एकट्याने जग बघायचं धाडस ज्या बाईने दिलं, तिचं पुस्तक उशाशी असताना दुसरं शहर निवडणं मला जमलं नसतं.

अथेन्स ठरल्यावर नवरा एक्सेल उघडून बसला. तो मेकॅनिकल इंजिनिअर. लग्नाच्या जेवणावळीचासुद्धा तक्ता करणारा माणूस. त्याने प्रत्येक दिवसाचे तासातासाचे रकाने पाडले, देवळं पिवळ्या रंगात, संग्रहालयं निळ्या, जेवणं हिरव्या. मी आयुष्यभर शाळेच्या वेळापत्रकात जगलेली. तो तक्ता बघून मला वाटलं, यात आता फक्त घंटा वाजायची राहिली आहे.

पण तारखांसाठी त्याच्या तक्त्याचा उपयोग झाला हे कबूल. जून-जुलै मी आधीच खोडलं होतं. दिल्लीच्या उन्हातून पळायचं आणि चाळीस अंशांच्या अथेन्समध्ये जाऊन पडायचं यात शहाणपण नाही. 2023 च्या जुलैत उष्म्याच्या लाटेमुळे अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. नोव्हेंबरात तिथे स्वेटर पुरतो, फक्त छत्री लागते, कारण त्यांचा पाऊस हिवाळ्यात. हिवाळ्याच्या महिन्यांत पहिल्या रविवारी सरकारी पुरातन स्थळांना प्रवेश फुकट असतो. ते वाचून नवऱ्याचे डोळे चमकले, कारण अक्रोपोलिसचं तिकीट आता माणशी 30 युरो आहे. पण नोव्हेंबरचा पहिला रविवार 2 तारखेला, आणि त्याच दिवशी आमच्याकडे तुळशीचं लग्न. शिवाय फुकट म्हटल्यावर गर्दी काय होते हे दिल्लीकराला सांगायला नको. 9 तारखेला अथेन्सची मॅरेथॉन. मॅरेथॉन गावातून निघून 1896 च्या ऑलिंपिकच्या संगमरवरी स्टेडियममध्ये ती संपते, तेव्हा त्या आठवड्याअखेर हॉटेलं भरलेली. आणि 17 नोव्हेंबर तर टाळायलाच हवा. 1973 मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी उठाव केला, रणगाडा फाटक तोडून आत शिरला, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी अमेरिकी दूतावासावर मोर्चा जातो आणि मध्य भागातली मेट्रो स्थानकं बंद ठेवतात. मोर्चा आणि बंद मेट्रो बघायला एवढं लांब जायचं कारण नव्हतं, दिल्लीत मंडी हाउस आहेच. मॅरेथॉन आणि मोर्चा यांच्यामधला आठवडा आम्ही धरला.

मग खरी रस्सीखेच सुरू झाली. नवऱ्याला सँटोरिनी हवं होतं. निळ्या घुमटांचं, पांढऱ्या घरांचं ते चित्र त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी संगणकावर वर्षानुवर्षं लटकलेलं. नोव्हेंबरात त्या बेटावरची बरीच हॉटेलं मिटलेली असतात, बोटी कमी होतात आणि जाण्यायेण्यातच दिवस जातो. 2025 च्या सुरुवातीला तिथे भूकंपांची मालिका झाली आणि हजारो लोक बेट सोडून गेले, हेही मी त्याला वाचून दाखवलं. त्याच्या समुद्राची सोय मी एजिनावर लावली. पिरेअस बंदरातून साध्या बोटीने सव्वा तास, वेगवान बोटीने त्याहून कमी. तिथे आफाइयाचं देऊळ माझ्यासाठी आणि बेटाचे नावाजलेले पिस्ते त्याच्यासाठी. खारी बावलीत पिस्त्याचा भाव विचारून परत फिरणारा हा माणूस तेवढ्यावर राजी झाला.

त्या बदल्यात त्याने पुरातत्त्व संग्रहालयातल्या अँटिकिथेरा यंत्रासाठी एक अख्खी दुपार मागितली. 1901 च्या सुमारास स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना बुडालेल्या जहाजात सापडलेलं ते ब्राँझचं दातेरी चाकांचं यंत्र. सूर्यचंद्राच्या गती आणि ग्रहणं सांगायचं, दोन हजार वर्षांपूर्वी. मी म्हटलं, फुटक्या पितळेला अख्खी दुपार? तो म्हणाला, तुझ्या फुटक्या खांबांना मी काही म्हणालो का. दुपार दिली. मंगळवारी ते संग्रहालय दुपारी एकलाच उघडतं, म्हणून ती मंगळवारी बसवली. अक्रोपोलिस संग्रहालय शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, त्यामुळे ते शुक्रवारी संध्याकाळी. अक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन देवळाचा सज्जा डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी बायांपैकी पाच तिथे आहेत आणि सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, एल्गिनने नेलेली. तिची जागा या पाचजणींत रिकामी ठेवली आहे. ती मला बघायची होती.

अक्रोपोलिसला 2023 पासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर वेळ छापलेली असते. आम्ही सकाळी आठचीच धरली. चढणीवरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झाला आहे, नवऱ्याच्या गुडघ्याचं काय हा प्रश्न होता. दक्षिणेकडच्या, डायोनायससच्या नाट्यगृहाशेजारच्या दाराने चढ जरा सौम्य आहे, म्हणून तिकडून जायचं. मुक्काम त्याच बाजूला, कुकाकी नावाच्या वस्तीत. विमानतळावरून मेट्रोने 9 युरोत सिंटाग्मा चौकात उतरायचं, तिथून लाइन बदलून दोनच मिनिटं. राजीव चौकाच्या गर्दीत आयुष्य गेलेल्यांना लाइन बदलायला कुणी शिकवायला नको.

जेवणाचं मंडळातल्या बायकांना सगळ्यांत जास्त दडपण होतं, मी शाकाहारी म्हणून. पण याबाबत ग्रीस इतर युरोपासारखा अडवत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांचे उपास फार. नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपास 15 नोव्हेंबरलाच लागतो, आणि त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. म्हणून डाळीचा फावा, टोमॅटोतले मोठे पांढरे वाल, भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, उकडलेला रानपाला हे त्यांचं रोजचंच अन्न आहे. मेथीचे ठेपले मी तरीही नेणार होते, सवय म्हणून.

याशिवाय माझी एक यादी होती जी तक्त्यात कुठेच बसत नव्हती. शाळेत असताना मी मुलांना कार्ल्याच्या लेण्यातले खांब दाखवायची, चित्रात. त्यातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले, तसे लेख त्यांच्यावर आहेत. ते खरोखर ग्रीक होते की कुणी दुसरे परदेशी, यावर विद्वान भांडतात. उलट दिशेनेही एकजण गेला होता. इसवी सनापूर्वी 20 च्या आसपास भारतातून ऑगस्टसकडे जे दूत गेले, त्यांच्यातल्या भरुचच्या एका श्रमणाने अथेन्समध्ये स्वतःला चितेवर जाळून घेतलं. स्ट्रेबो त्याचं नाव झार्मानोखेगास असं देतो, त्याच्या समाधीवरचा लेखही सांगतो. आज ती समाधी कुठे होती ते कुणाला ठाऊक नाही. आणि दिमित्रिओस गालानोस, 1760 मध्ये अथेन्सला जन्मला, काशीत राहिला, गीता आणि भर्तृहरी ग्रीकमध्ये नेले, 1833 मध्ये काशीतच वारला. या दोघांसाठी अथेन्समध्ये बघायला काही नाही. पण ज्या शहरात ते वावरले तिथे नुसतं हिंडायला मला वेळ हवा होता.

म्हणून मी एक दिवस मागितला ज्यात काहीच नसेल. नवऱ्याने आधी त्यात सुनियनचं पोसायडनचं देऊळ बसवलं, सत्तर किलोमीटरवरचं, सूर्यास्तासाठी. मी ते खोडलं. त्याने लायकाबेटस टेकडी टाकली. तीही खोडली. दोघांच्या सहलीत भांडण हवं ते काय बघायचं यावर होईल असं मला वाटलं होतं. झालं ते काय बघायचं नाही यावर. तिसऱ्यांदा मात्र त्याने रकाना पांढरा ठेवला आणि म्हणाला, "कंटाळा आला तर माझ्याकडे बघू नकोस."

तो पांढरा रकाना अडला व्हिसाला. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी माणशी 90 युरो, 30,000 युरोंचा विमा, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणं, ऑफिसचं रजेचं पत्र, माझं पेन्शनचं, 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो. हे सगळं नवऱ्याने फाइलमध्ये खुणेच्या पताका लावून ठेवलं. त्यात रोज कुठे जाणार त्याचा तपशील द्यावा लागतो. सेक्टर 18 मधला जो एजंट फाइल तपासत होता, त्याचं बोट नेमकं तिथे थांबलं.

"मॅडम, ये दिन खाली क्यों है? खाली दिन मत छोड़िए. लोकल साइटसीइंग डाल दीजिए, सब यही डालते हैं."

नवरा माझ्याकडे बघून हसला. गप्प बसला हे विशेष.

मी म्हटलं, लिहा, फिलोपापोसच्या टेकडीवर फिरणं, मग थिसिओमध्ये कॉफी. त्याने कीबोर्डवर बोटं ठेवली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "स्पेलिंग?" आणि वेळ काय टाकू, असंही विचारलं. वेळ नको, असं या खेपेला नवराच म्हणाला.