कॅमेऱ्याचे ओझे आणि नजरेचे अंतर



गेल्या वर्षभरात चळवळीतल्या पोरापोरींनी मला एकच प्रश्न अनेकदा विचारला. "ताई, एवढा मोठा कॅमेरा विकून हा खेळण्यासारखा कॅमेरा कशाला घेतला?" पाठ दुखते म्हणून, असे सांगून हा विषय दोन वाक्यांत संपवता आला असता. पण आपल्या माणसांचे फोटो कोण काढते, किती अंतरावरून काढते आणि कोणत्या अधिकाराने काढते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ हिशोब मांडते. आमच्या गटाने वर्गणी काढून निकॉन डी ७५० हा वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला होता. बॅटरी आणि कार्डसह त्याचे वजन ८४० ग्रॅम. त्यावर २४-७० मिमी एफ २.८ लेन्स, ९०० ग्रॅम. दूरचे टिपण्यासाठी ७०-२०० मिमी एफ २.८, दीड किलोहून थोडी जास्त. हे झाले सव्वातीन किलो. त्यात फ्लॅश, ट्रायपॉड, चार्जर आणि जाडजूड बॅग धरली की पाठीवर सहा किलोंच्या आसपास ओझे व्हायचे. आता माझ्याकडे फुजीफिल्म एक्स-टी ३० आहे, बॅटरी आणि कार्डसह ३८३ ग्रॅम. १८-५५ मिमीची लेन्स ३१० ग्रॅम, ३५ मिमी एफ २ लेन्स १७० ग्रॅम. तीन जादा बॅटऱ्या धरूनही सगळे मिळून एक किलोच्या आसपास. रोजच्या शबनम बॅगेत फाइल आणि पाण्याच्या बाटलीशेजारी हे सगळे मावते.

फरक कशाने पडतो, तेही थोडक्यात सांगते. डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वरच्या प्रिझममधून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचवतो आणि फोटो काढताना खटकन वर उचलला जातो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसते ते आपण छोट्या पडद्यावर पाहतो. आरसा गेला, प्रिझम गेला, कॅमेऱ्याची जाडी कमी झाली. माझा सेन्सर जुन्यापेक्षा आकारानेही लहान आहे, म्हणून लेन्सही लहान झाल्या. या पद्धतीचा पहिला कॅमेरा पॅनासोनिकने २००८ मध्ये आणला. कॅनन आणि निकॉनने २०१८ मध्ये आपली फुल फ्रेम मिररलेस मालिका सुरू केल्यावर वारे कुठे वाहते आहे, हे सगळ्यांनाच कळले.

कॅमेरा हलका करण्याची धडपड मात्र जुनी आहे. जर्मनीतल्या ऑस्कर बारनाक या तंत्रज्ञाला दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला जमत नव्हते. त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा हातात मावणारा कॅमेरा बनवला आणि त्यातूनच १९२५ मध्ये लायका बाजारात आला. रस्त्यावरच्या साध्या माणसाचे फोटो काढणे त्यानंतर किती सोपे झाले, हे छायाचित्रणाचा इतिहास वाचणाऱ्याला सांगायला नको. धडधाकट माणसाला गृहीत धरून बनवलेले हत्यार एका दमेकऱ्याने बदलले आणि त्याचा फायदा सगळ्यांना झाला.

आता आपल्याकडे या. आमच्या गटातला जुना कॅमेरा कोणाच्या खांद्यावर असायचा? धट्ट्याकट्ट्या मुलांच्या. मुली बॅनर धरायच्या, रांगोळी काढायच्या, सूत्रसंचालन करायच्या. "तुला पेलवणार नाही" हे वाक्य प्रेमाने उच्चारले तरी त्याचा परिणाम व्हायचा तोच होतो. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांना माहीत आहे की गाड्या लांब लावाव्या लागतात आणि जयस्तंभापर्यंत गर्दीतून चालावे लागते. सहा किलो पाठीवर घेऊन दिवसभर चालणे ज्याला शक्य, त्याच्याच नजरेने तो दिवस नोंदला जाणार. कॅमेरा एक किलोवर आला आणि ताडीवाला रस्त्यावरच्या दोन मुली तो घेऊन माझ्याबरोबर फिरू लागल्या. त्यांनी काढलेल्या फोटोंत मला काय दिसले? पोराला कडेवर घेऊन रांगेत उभी असलेली आई, पुस्तकाच्या स्टॉलमागे बसून डबा खाणारी कार्यकर्ती, सासूचा हात धरून चालणारी सून. या बायका दरवर्षी तिथेच होत्या. आमच्या जुन्या फोटोंमध्ये त्या गर्दीचा भाग होत्या.

दुसरा मुद्दा अंतराचा. ७०-२०० ची लेन्स रस्त्याच्या पलीकडे उभे राहून माणसाचा चेहरा फ्रेमभर आणते. त्या माणसाला पत्ताही नसतो. प्रस्थापित माध्यमांनी ६ डिसेंबरची चैत्यभूमी वर्षानुवर्षे अशीच दाखवली आहे: उंचावरून दिसणारा जनसागर, वाहतुकीची कोंडी, शिवाजी पार्कवरचा कचरा. त्या पार्कवर पुस्तकांचे किती स्टॉल लागतात आणि गावाकडून रेल्वेने आलेला मजूर कोणते पुस्तक निवडतो, हे टिपायला जवळ जावे लागते. ३५ मिमीची लेन्स जवळ जायला भाग पाडते. चार-पाच फुटांवर गेलात की बोलावे लागते. नाव विचारावे लागते. "दादा, फोटो काढू का?" असे म्हणावे लागते आणि समोरचा "नको" म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा लागतो.

येरवड्यात कचरावेचक बायकांच्या एका बैठकीत मोठी लेन्स पाहून एक आजी म्हणाल्या होत्या, "बाई, ही तोफ कुणावर रोखलीस?" सगळ्या हसल्या. पण हसू थांबल्यावर त्या बायका सावरून बसल्या, पदर नीट केले आणि बोलायचे बंद झाल्या. छोटा कॅमेरा मांडीवर ठेवून तासभर गप्पा मारता येतात. याच पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि नव्वदच्या दशकातच तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली. ज्या बाईला चोर समजून हटकले जायचे, तिच्या हातात ओळखपत्र आले. ओळखपत्रावरचा फोटो तो केवढा! पण तिथे चेहऱ्याशेजारी नाव असते. समाजशास्त्राच्या वर्गात प्रतिनिधित्वावर मी पुष्कळ वाचले. त्याचा सगळ्यात सोपा अर्थ मला या बायकांच्या कार्डावर सापडला.

तिसरा मुद्दा रंगाचा. आपल्यातल्या कित्येकांची तक्रार असते की विहारातल्या कार्यक्रमाच्या फोटोत चेहरे काळवंडतात. यात दोष चेहऱ्याचा नाही. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे सगळे सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. वंदनेला सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले असतात. एवढे पांढरे पाहून कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो. छायाचित्रणाच्या तंत्राला ही जुनी खोड आहे. कोडॅकच्या काळात रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुना कार्ड पाठवले जायचे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत आणि त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा नीट आली की रंग नीट, असे ते प्रमाण. कोणाला प्रमाण मानायचे आणि कोणाला अपवाद, हा खेळ आपल्याला नवा नाही.

डीएसएलआरच्या काचेतून पाहताना हा घोटाळा फोटो काढल्यावर कळायचा. मिररलेसमध्ये फोटो कसा येणार हे आधीच पडद्यावर दिसते. माझ्या कॅमेऱ्यावर प्रकाश कमी-जास्त करण्याची चकती आहे. चेहरा काळवंडताना दिसला की ती अधिक एकवर फिरवायची. साडी थोडी जास्त उजळली तरी चालेल, माणसाचा चेहरा दिसला पाहिजे. नवशिक्या मुलीला हे पाच मिनिटांत समजते. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटर लावले की कॅमेरा आवाज करत नाही. त्रिशरण-पंचशील सुरू असताना आरशाची ती खटखट मला नेहमी खटकायची. आता वंदनेत व्यत्यय येत नाही.

पण हलक्या कॅमेऱ्याचे गुणगान करून थांबले तर ती जाहिरात होईल. तोटेही ऐका. बॅटरी लवकर संपते. एका बॅटरीवर सुमारे ३८० फोटो धरून चाला, म्हणून तीन जादा बॅटऱ्या. आवाजविरहित शटरने एलईडी दिव्यांखाली फोटो काढला तर आडवे पट्टे येऊ शकतात आणि जोरात हलणारी लेझीम वाकडी दिसू शकते. तिथे साधे यांत्रिक शटर वापरा. १३ एप्रिलच्या मध्यरात्री पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जल्लोष असतो. तिथल्या कमी उजेडात जुना मोठा सेन्सर आणि एफ २.८ च्या लेन्स आजही सरस ठरतील. मी ३५ मिमी एफ २ वर भागवते. लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, त्यामुळे धुळीच्या मैदानात लेन्स बदलू नका.

सगळ्यात मोठा धोका तर वेगळाच आहे. मोठा कॅमेरा दिसतो, छोटा लपतो. त्यात आवाज नाही. म्हणजे न विचारता फोटो चोरणे आणखी सोपे झाले. २०१८ च्या १ जानेवारीनंतर मोर्चातल्या माणसाला कॅमेऱ्याची धास्ती वाटते. हा फोटो कोण काढतेय, कुठे जाणार, कोणाच्या हाती पडणार, असे तो विचारतो आणि त्याला तो अधिकार आहे. आमच्या गटाने म्हणून तीन नियम केले आहेत. ओळखू येईल असा चेहरा परवानगीशिवाय बाहेर टाकायचा नाही. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारायचे. आणि ज्याचा फोटो काढला, त्याला त्याची प्रत पोचवायची.

काही मित्र म्हणतील, मग मोबाइल काय वाईट? अजिबात वाईट नाही. घटना घडत असेल तर हातात आहे त्याने टिपा. पण मोबाइलमधला फोटो आपण व्हॉट्सॲपवर टाकतो, तिथे तो आकसतो, पुढे पाठवला जातो आणि महिन्याभरात कोणाचा, कधीचा, कुठला हे हरवते. मोबाइल बिघडला की जयंतीही गेली आणि मोर्चाही गेला. साधन कोणतेही असो, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि त्याच रात्री तारीख, ठिकाण, नाव लिहा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा सोहळ्याचे फोटो आपल्या घराघरांत आहेत. त्या गर्दीतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हा तिथे हजर असलेल्यांपैकी आज फार थोडे उरले असतील. त्यांच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत एखादा फोटो असेल तर तो आजच जाऊन पाहा आणि मागे नावे लिहून घ्या. त्याला कोणताही महागडा कॅमेरा लागत नाही.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढले, तेव्हा पुण्याच्या 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब त्या नकाराशी भांडत बसले नाहीत, त्यांनी आपले पत्र चालवले. छायाचित्रणातही हाच मार्ग आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यातून समोर आणले. मदुराईचे एम. पलनीकुमार मासे विकून घर चालवणाऱ्या आईचे चिरंजीव. त्यांनी तामिळनाडूत हाताने मैला साफ करणाऱ्यांचे मृत्यू आणि त्यांच्यामागे उरलेली कुटुंबे टिपली. हे फोटो मोठे ठरले ते त्यांना त्या घरात बसायला जागा मिळाली म्हणून.

तेव्हा कंपन्या दरवर्षी नवे मॉडेल आणतील, त्यामागे धावू नका. वापरलेला कॅमेरा घ्या, चौघांत मिळून घ्या. आमचा जुना डीएसएलआर ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरने घेतला. त्या पैशांत थोडी भर घालून हा वापरलेला मिररलेस आला. मोठा कॅमेरा आधीच असेल तर तो फेकू नका, पण त्यावर एक लहान लेन्स लावा आणि बॅग घरी ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर पुरेशी ओझी वाहिली आहेत. चळवळीचा इतिहास नोंदवायला पुन्हा ओझेच वाहावे लागावे आणि ते न पेलणाऱ्या मुलीने बाजूला उभे राहावे, हे आपल्याला परवडणारे नाही.

येत्या जयंतीला तुमच्या वस्तीतला कॅमेरा एका मुलीच्या हातात द्या. तिला चकती कुठे आहे ते दाखवा आणि नावे लिहायला एक वही द्या. बाकी तिचे ती पाहील.

जय भीम!