खणातले घड्याळ

मी हल्ली मनगटाला घड्याळ बांधीत नाही. यवतमाळसारख्या गावात निवृत्त मास्तराचे त्यावाचून अडतही नाही म्हणा! पण ते खणात गेले, ते माझ्या नातवामुळे.

२०१९ साली तो पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसला. दुसऱ्या पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न. त्यांतले ५० बुद्धिमत्तेचे. एका प्रश्नाला अवघे ७२ सेकंद! रोज संध्याकाळी मी घड्याळ समोर ठेवून त्याचा सराव घेई. एकदा आगगाडीच्या वेगाचे साधे गणित आले नि स्वारी तिथेच अडली.

"पण आबाजी, गाडी मधल्या स्टेशनांवर किती वेळ थांबली, ते कुठं दिलंय?"

शकुंतलेच्या गोष्टी मीच त्याला सांगितल्या होत्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे सुमारे ११३ किलोमीटरचे अंतर ती छोटी गाडी थांबत थांबत कापी. पण मी "वेळ संपली!" म्हणालो आणि वही ओढून घेतली.

परीक्षेत त्याचे शेवटचे सतरा प्रश्न कोरे राहिले. शिष्यवृत्ती हुकली. एका रात्री अंथरुणात त्याने हळूच विचारले, "आबाजी, मी ढ आहे का?"

दुसऱ्या दिवशी ते सतरा प्रश्न मी त्याला ओसरीवर सोडवायला दिले, घड्याळ न लावता. चौदा बरोबर आले.

पॅरिसमध्ये १९०५ साली बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती एकेका मुलाला समोर बसवून घेण्यासाठी. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० चे. पण १९१७ साली अमेरिकन सैन्याला लाखो रंगरूट झटपट पारखायचे होते. एकेकाला बोलावीत बसायला सवड कुणाला? मग घोळक्याला एकदम कागद वाटले आणि घड्याळ लावले. त्यात सोय होती ती परीक्षा घेणाऱ्याची!

वेगाला किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरसमोर अचानक गाय आली, तर त्याला एक सेकंदही फार. पण चपळाई आणि समज एकाच पारड्यात घालायची नि येईल त्या वजनाला 'बुद्धी' म्हणायचे, हा व्यवहार खरा नव्हे.

"ढ नाहीस रे," मी त्याला सांगितले. "तुझी गाडी वाटेत थांबते, एवढंच."

तो हसला. मला मात्र हसू आले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत "वेळ संपली" म्हणून मी किती पोरांचे पेपर ओढून घेतले असतील! त्यांच्या कोऱ्या पानांवर काय उमटले असते, हे आता कुणाला विचारू?