तुंगभद्रेच्या कांठीं एक तिखट धडा

तिखटाला आम्हीं जन्मभर ताटांत मान दिला. वाङ्मयांत मात्र त्याला कधीं पाट मांडला नाहीं. हा पंक्तिप्रपंच किती चुकीचा होता, हें साठी उलटल्यावर हंपीस जाऊन कळलें. तीच हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

मिरजेहून हुबळी, तेथून गदगमार्गें होसपेटे आणि पुढें हंपी असा आमचा प्रवास झाला. विरूपाक्षाचें दर्शन घेऊन आम्ही उभयतां नदीकांठच्या वाटेनें विठ्ठलमंदिराकडे निघालों. बरोबर पुडींत चुरमुरे व मिरचीचीं भजीं होतीं. ‘मंडक्की-मिरची’ हा जोडा इकडे फार लोकप्रिय. मंदिराजवळ, पाण्याच्या अगदीं कडेला, दगडी खांबांचा एक साधा, बुटका मंडप लागतो. तुंगभद्रेला मोठा पूर आला कीं तो पाण्याखालीं जातो. हाच पुरंदरदासांचा मंडप.

दासांचा काळ परंपरेनें १४८४ ते १५६४ मानितात. सावकारी टाकून ते विठ्ठलाचे दास झाले. कर्नाटक संगीताचे पहिले पाठ त्यांनींच घालून दिले, अशी त्यांची ख्याति आहे. त्यांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या पदांत एक पद चक्क मिरचीवर आहे! तिचा रंगपालट, गरिबाच्या घासाला तिचा आधार, आणि तिच्या दाहापुढें देवाची आठवण होणेंहि कठीण, असा त्याचा आशय. चरक-सुश्रुतांस मिरची ठाऊक नव्हती. त्यांचें त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरीं व पिंपळी. मिरची मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, आणि त्यांनीं गोवा घेतला तो १५१० सालीं. म्हणजे पद दासांचेंच असेल, तर परदेशांतून नुकत्याच आलेल्या पाहुणीला त्यांनीं थेट विठ्ठलाच्या गाण्यांत बसविलें!

हें सर्व आम्ही मोठ्या उत्साहानें सांगत होतों. सौ. शांतपणें भजें खात म्हणाली, “अहो, हे दास तुमच्या वर्गांत असते, तर तुम्ही त्यांना काय म्हणाला असतां?”

आम्हांस ठसका लागला, आणि तो केवळ मिरचीचा नव्हता. फार वर्षांपूर्वीं दहावीच्या एका विद्यार्थ्यानें आईच्या ठेच्यावर कविता केली होती. दगडावरचा ठेचा, पाणावलेले डोळे आणि भाकरी, एवढाच विषय. आम्हीं ती वर्गांत मोठ्यानें वाचली व ‘ग्राम्यत्व हा काव्यदोष’ असा निकाल दिला. वर्ग हसला. मुलानें वही उचलली. पुन्हां एकहि ओळ त्यानें आम्हांस दाखविली नाहीं. वास्तविक भरतमुनींनीं नाट्यांतील रस समजावितांना नाना व्यंजनांनीं संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टान्त दिला आहे, आणि तो आम्हीच दरवर्षीं फळ्यावर लिहीत असूं!

मंडपांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. घरीं परतल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा पत्ता मिळविला आणि लिहिलें कीं, दोष कवितेंत नव्हता, परीक्षकांत होता. उत्तर अद्याप आलें नाहीं, आणि त्यावर आमचा हक्कहि नाहीं. वाचकांस एवढीच विनंति कीं, घरच्या मुलानें वहींत ठेचा वाढला, तर शास्त्र काढण्यापूर्वीं एक घास घ्यावा.