पैसे वसूल

उपाहारगृहांतून बाहेर पडतांना मंडळींच्या तोंडीं हमखास येणारे दोन शब्द म्हणजे ‘पैसे वसूल’. जेवण मनासारखें झालें म्हणजे लोक ‘पैसे वसूल झाले’ असें म्हणतात, आणि न झालें म्हणजे ‘पैसे पाण्यांत गेले’ म्हणून हळहळतात. हा ‘वसूल’ शब्द खरें पाहतां सावकाराच्या चोपडीतला व सारावसुलीच्या दफ्तरांतला. तो जेवणाच्या टेबलावर केव्हां येऊन बसला कोण जाणे. पण तो आल्यापासून जेवणारा हा जणूं धनको व जेवूं घालणारा हा ऋणको, असें एक विचित्र नातें दोघांमध्यें उत्पन्न झालें आहे. या वसुलीचा हिशेब नेमका कसा मांडावा, याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें. कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या खिशांत हल्लीं खाऊचे पैसे खुळखुळूं लागले आहेत, आणि शाळा सुटतांच त्यांचीं पावलें घराकडे वळण्यापूर्वीं कोठें कोठें वळतात, हें शिक्षकाच्या नजरेंतून सुटत नाहीं.

आम्ही मुंबईंत राहतों. महिन्याच्या पहिल्या शनिवारीं, पगार नुकताच हातीं आलेला असतांना, चौघांनीं मिळून एक वेळ बाहेर जेवावें असा आमच्या घरचा रिवाज आहे. ठिकाणें अर्थातच शिक्षकाच्या मिळकतीला मानवतील अशीं. माटुंग्याचीं उडुपी उपाहारगृहें, धोबीतलावाकडचीं इराण्यांचीं दुकानें, लालबाग-परळच्या मालवणी खाणावळी, एवढाच आमचा मुलूख. परतीच्या बसमध्यें जेवणाची चर्चा सुरू होते, आणि त्या वेळीं असें दिसून येतें, कीं चौघांच्या हातांत चार निरनिराळे तराजू आहेत. सातवींत शिकणारे चिरंजीव पोटानें मोजतात. दहावींतील कन्या डोळ्यांनीं मोजते. मुलांची आई घरच्या खर्चाशीं ताडून पाहते. आणि मी पडलों मास्तर, तेव्हां मी बिलाचा कागद उत्तरपत्रिकेप्रमाणें तपासतों.

प्रथम चिरंजीवांचा तराजू घेऊं. ‘हवें तितकें वाढून मिळेल’ अशी पाटी असलेली थाळी ही त्यांच्या मतें मनुष्यजातीची परमावधीची प्रगति होय. अशा भोजनगृहांत बहुधा आधीं फरसाण येतें, मागोमाग गोड पदार्थ व गरम पुऱ्या येतात, आणि भुकेचा पहिला जोर ओसरल्यावर डाळ-भाताची पाळी येते. शंभर माणसें जेवून गेलीं तर त्यांत कांहीं खादाड व कांहीं अल्पाहारी निघणारच. मालक एकट्यादुकट्याचा हिशेब धरीत नाहीं, तो शंभरांची सरासरी धरतो. एकदां चिरंजीवांनीं ईर्षेनें अकरा पुऱ्या खाल्ल्या. आपण मालकाला पुरतें लुटलें अशी त्यांची समजूत. पण मालकाच्या कपाळावर एक आंठीही पडली नाहीं, आणि आमची रात्र मात्र ओव्याच्या पाण्यावर गेली. गणितांतील सरासरीचा धडा त्यांना तेव्हांपासून चांगला समजतो, एवढीच जमेची बाजू.

कन्येच्या तराजूला मोठीं माणसें उगीच नांवें ठेवतात. बसावयास मिळालेली जागा हीदेखील मोल असलेली वस्तु आहे, हें इराण्यांनीं मुंबईला शिकविलें. संगमरवरी पृष्ठाचीं टेबलें, वाफेनें वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे, आणि समोर ब्रून-मस्का व चहा. एवढ्यावर विद्यार्थी, वार्ताहर, कवि व बेकार यांनीं तासन् तास काढले. १९०४ सालचें कयानी आणि १९२३ सालचें ब्रिटानिया हीं नांवें अजून टिकून आहेत. पण त्यांचे पुष्कळ भाऊबंद काळाच्या ओघांत बंद पडले, कारण मोक्याच्या जागेचें मोल चहाच्या पेल्याला पेलवेनासें झालें. तेव्हां जेथें घटकाभर निवांत बसतां येतें, तेथें चार रुपये अधिक पडले तर तें जागेचें भाडें समजावें. मात्र दिवे मंद, गाणें कर्कश आणि आमटी पातळ, असा प्रकार असेल तर भाडेंही वसूल झालें नाहीं, असें खुशाल म्हणावें.

मुलांच्या आईचा तराजू सर्वांत कठोर. ‘या एका मसाला डोशाच्या किंमतींत घरीं चौघांचे डोसे होतात,’ हें तिचें वाक्य आम्हांला पाठ आहे. आणि तांदूळ, उडीद, बटाटे व तेल एवढेंच मोजलें तर तें फारसें खोटेंही नाहीं. भोजनगृहें चालविणाऱ्यांचा असा एक ढोबळ ठोकताळा आहे, कीं पदार्थाच्या किंमतींत कच्च्या मालाचा वांटा साधारणपणें एक-तृतीयांश असावा. बाकीच्या रकमेंतून जागेचें भाडें, नोकरांचे पगार, गॅस, वीज, वायां गेलेला माल आणि शेवटीं मालकाचा नफा निघावयाचा. घरच्या डोशाला भाडें नाहीं, नफा नाहीं, म्हणून तो स्वस्त. परंतु एके दिवशीं बसमध्यें कन्येनें हळूच विचारलें, “आई, तूं डाळ-तांदूळ धरलेस, पण तें भिजत घातलंस, वाटलंस, सकाळीं उठून दोन तास तव्यापाशीं उभी राहिलीस, त्याचे किती धरलेस?” आईनें क्षणभर विचार केला व ती हंसून म्हणाली, “त्याचं शून्य.”

बस पुढें गेली, बोलणें दुसरीकडे वळलें. पण तें शून्य माझ्या मनांत राहिलें. त्यावरून मला माझ्या विद्यार्थिदशेंतील खाणावळ आठवली. १९९९ ते २००२ या काळांत मी पदवीचा अभ्यास करीत असतां लालबागेंतील एका चाळींत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडीं, महिनेवारीनें जेवीत असें. चटईची पंगत, स्टीलचें ताट, दोन चपात्या, एक भाजी, आमटी आणि भात. बुधवारीं व रविवारीं मासळी. खाणावळवाल्या मावशी “पोट भरलं का रे?” असें विचारल्याशिवाय कोणाला पाटावरून उठूं देत नसत. गिरणगांवांत पूर्वीं अशा खाणावळी ठिकठिकाणीं होत्या. कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले गिरणी-कामगार त्यांच्याच आधारानें राहत. पगार झाला कीं पैसे देत, संप झाला कीं उधारी चढे. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांना बँकांचीं कर्जें मिळवून दिलीं व सावकारी व्याजाच्या विळख्यांतून सोडविलें. पुढें १९८२ च्या संपानंतर गिरण्या मावळत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ खाणावळीही. आमच्या मावशींचें जेवण इतकें स्वस्त कसें, याचें आम्हां विद्यार्थ्यांना मोठें नवल वाटे. रहस्य साधें होतें. पहाटे चारपासून रात्रीं अकरापर्यंत राबणारे त्यांचे दोन हात त्यांनीं हिशेबांत शून्य धरले होते. आमचे पैसे वसूल होत होते खरे. पण वसुलीची बाकी त्या हातांच्या खात्यावर चढत होती.

आतां माझा स्वतःचा तराजू. बिल वाचणें ही सवय मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगेन. साध्या भोजनगृहांत वस्तु व सेवा कर १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेंकडा ५ आहे. आणि ज्या लहान व्यावसायिकांनीं उलाढालीवर ठोक कर भरण्याची योजना पत्करली आहे, त्यांना तो ग्राहकाकडून निराळा घेतां येत नाहीं. ‘सेवा-आकार’ बिलांत आपोआप चढवूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं ठरविलें, व दिल्ली उच्च न्यायालयानें २८ मार्च २०२५ रोजीं तें उचलून धरलें. बाटलींतल्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी. बसवून सेवा देणाऱ्या भोजनगृहानें छापील किंमतीहून अधिक पैसे घेतले तरी तो त्या कायद्याखालीं गुन्हा होत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. म्हणून बाटलीचें बूच निघण्यापूर्वींच साधें पाणी मागावें हें बरें.

हें सर्व ज्ञान उपयोगीं पडण्याचा प्रसंग गेल्या पावसाळ्यांत आला. मुलांच्या हट्टास्तव आम्ही एका नव्या, झगमगीत भोजनगृहांत गेलों होतों. वाढावयास आलेला तरुण आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी निघाला. दहावीनंतर वडिलांचें आजारपण आलें, म्हणून दिवसा ही नोकरी व रात्रीं कनिष्ठ महाविद्यालय, असा त्याचा क्रम होता. मी विशेष थाळी मागवितांच तो वांकून म्हणाला, “सर, साधीच घ्या. विशेषमध्यें एक गोड वाटी आणि एक पापड एवढंच जास्त आहे, त्याला ६० रुपये कशाला?” जेवण उत्तम झालें. पण बिलांत शेंकडा १० सेवा-आकार चढलेला होता. मुलांच्या आईनें आवाज न चढवितां विचारणा केली, आणि व्यवस्थापकांनीं तो निमूटपणें कमी केला. चिरंजीव विजयी मुद्रेनें म्हणाले, “पप्पा, पैसे वाचले!”

बाहेर पडतांना मी त्या मुलाला विचारलें, “हा आकार तुम्हां मुलांच्या सेवेबद्दल म्हणून घेतात ना? तुम्हांला त्यांतलं काय मिळतं?” तो म्हणाला, “आमच्यापर्यंत तें येत नाहीं, सर. कोणी हातांत ठेवलं तर तेवढंच आमचं.” दिवसभर पायांवर उभ्या असलेल्या त्या मुलाचे श्रम बिलांत छापले होते, आणि त्याच्या खात्यावर शून्य होते. मुलांच्या आईनें पन्नासाची नोट पुढें केली. तो मागें सरकला. “सरांकडून नको.” ती म्हणाली, “हे सरांचे नाहींत. मी तुला एक अक्षरही शिकवलेलं नाहीं. माझ्याकडून घ्यायला हरकत नाहीं.” तेव्हां तो हंसला व त्यानें नोट घेतली. त्या रात्रीं बसमध्यें कोणीच तराजू काढला नाहीं. बऱ्याच वेळानें चिरंजीवांनीं विचारलें, “पप्पा, मग आपण पैसे वाचवले कीं दिले?” मीं सांगितलें, “जे त्याच्या नांवावर दुसरा घेत होता ते वाचवले, आणि जे त्याला पोंचले ते दिले.”

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या मापांना मी खोटें म्हणत नाहीं. पोट भरलें पाहिजे, जागा स्वच्छ पाहिजे, घरच्या खर्चाचें भान पाहिजे आणि बिल बिनचूक पाहिजे. एवढें सगळें पाहून झाल्यावर आणखी एकच प्रश्न स्वतःला विचारीत जा: या स्वस्ताईंत कोणाचे कष्ट शून्य धरले आहेत? चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहांत व धाब्यांवर कामास ठेवण्याची १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें ती, कुटुंबाच्या कामासारखे अपवाद वगळतां, सर्व धंद्यांना लागू झाली. तरीही कपबशा विसळणारे लहान हात कोठें कोठें दृष्टीस पडतात. तेथला चहा २ रुपयांनीं स्वस्त असेल, तर ते २ रुपये तुमच्याच वयाच्या एका मुलाच्या शाळेंतून काढलेले आहेत. तो चहा पिऊं नका. आणि घरीं किंवा शाळेंत आम्हांला सांगा, नाहींतर १०९८ या क्रमांकावर कळवा.

पालकांसही एक विनंति. मुलांना बाहेर जेवावयास अवश्य न्यावें. तेथें तीं दर पाहतील, निवड करतील, बिल ताडून पाहतील, आणि गणिताचा तास जें शिकवूं शकत नाहीं तें शिकतील. वाढणाऱ्याला ‘ए’ म्हणून हांक न मारतां ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणावयास मात्र आपणच शिकविलें पाहिजे; त्याला बिलांत एक पैही पडत नाहीं. आमच्या घरापुरतें सांगावयाचें तर मुलांच्या आईच्या हिशेबाची वही कन्येनें हातीं घेतली आहे. डोशाच्या दिवशीं ती डाळ, तांदूळ व तेल यांच्या खालीं ‘आईचे दोन तास’ अशी एक ओळ लिहिते. त्या ओळीपुढें कोणता आंकडा मांडावा, याविषयीं घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. पण शून्य मांडावयाचें नाहीं, एवढें ठरलें आहे.