आमची स्वाक्षरी

आंबा गोड लागला म्हणून कोणी झाडाची साल चाखावयास जात नाहीं. मग पुस्तक आवडलें म्हणून लेखकाचें तोंड पाहावयास कां जावें, असें आमचें फार दिवसांचें मत होतें. आमचें स्वतःचें पुस्तक निघेपर्यंतच तें टिकलें, हें चाणाक्ष वाचकांनीं ताडलेंच असेल.

गेल्या वर्षीं एका ग्रंथप्रदर्शनांत प्रकाशकांनीं आम्हांस स्वाक्षऱ्या करण्यासाठीं मेजामागें बसविलें. समोर पुस्तकांची चळत, हातांत नवें पेन आणि चेहऱ्यावर शक्य तेवढें सौजन्य. पहिला अर्धा तास कोणी फिरकलें नाहीं. अखेर एक गृहस्थ लगबगीनें आले, अदबीनें वांकले आणि म्हणाले, "पाठ्यपुस्तकें कुठल्या दालनांत मिळतील हो?"

त्या रिकाम्या वेळांत आम्हांस चार्ल्स डिकन्स आठवला. १८५८ पासून तो तिकीट लावून आपल्याच पुस्तकांतले उतारे लोकांपुढें वाचीत असे. १८६७-६८ सालीं अमेरिकेंतही त्यानें असे कार्यक्रम केले. प्रकृति ढासळत गेली, तरी तें वेड त्याला सुटलें नाहीं. १५ मार्च १८७० रोजीं लंडनमध्यें त्यानें अखेरचें वाचन केलें आणि ९ जूनला तो वारला. हा सारा द्रव्याचा मोह, असें आम्ही पूर्वीं म्हणत असूं. द्रव्य त्याला मिळालें, हें खरें. पण आपल्या वाक्यावर माणूस हंसतांना किंवा डोळे पुसतांना पाहण्याची भूक वेगळीच असते, हें त्या खुर्चीवर बसल्यावर पटलें. आपल्याकडे १८७८ सालीं न्यायमूर्ति रानड्यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यास पहिलें ग्रंथकार-संमेलन भरलें, तें नांवाप्रमाणें ग्रंथकारांचें होतें. आजच्या साहित्यसंमेलनांत वाचकांची गर्दी ग्रंथकारांहून किती तरी अधिक असते. भूक दोन्ही बाजूंना आहे, एवढाच त्याचा अर्थ.

संध्याकाळीं आमच्याही मेजापुढें रांग लागली. मग आमचें सौजन्य कमी होऊं लागलें आणि वेग वाढला. मान खालीं घालूनच "नांव?" असें विचारावें, आणि पहिल्या पानावर "यांस दीर्घायुरारोग्य चिंतून" असें लिहून मोकळें व्हावें. एका वृद्ध बाईंनीं वर्तमानपत्राचें वेष्टण घातलेली जुनी प्रत पुढें केली व एका पुरुषाचें नांव सांगितलें. आम्हीं लिहिलें. बाई तें पान बराच वेळ पाहत राहिल्या.

"ते आषाढांत गेले," त्या हळूच म्हणाल्या.

आमच्या हातांतलें पेन तसेंच राहिलें. "बाई, मोठी चूक झाली. दुसरी प्रत देतों," आम्ही पुटपुटलों.

"नको. ही त्यांची प्रत आहे. आजारपणांत मी त्यांना यांतलेंच वाचून दाखवीत होतें. तुमचा तो विहिरीवरचा निबंध अर्धा राहिला. पुढचें पान माझ्यानें उलटवत नाहीं. तो कसा संपतो, तेवढें सांगा."

सांगूं लागलों, तों आम्हांसच शेवट धड आठवेना. तेव्हां प्रत हातीं घेतली आणि राहिलेलें दीड पान वाचून दाखविलें. रांग थांबली, प्रकाशक घड्याळाकडे पाहूं लागले. त्या दीड पानांत मृत्यूविषयीं आमचें एक झोकदार वाक्य होतें. परीक्षकांनीं त्याची तारीफ केलेली होती. त्या बाईंपुढें तें आमच्या तोंडून निघेना. तें आम्हीं गाळलें. बाईंनीं शेवट ऐकला, "बरं झालं," एवढेंच म्हणाल्या, आणि प्रत पदराखालीं घेऊन गर्दींत दिसेनाशा झाल्या.

तेव्हांपासून स्वाक्षरी करतांना आम्ही पेन खालीं ठेवून आधीं "कोणासाठीं?" असें विचारतों आणि उत्तर पुरें होईपर्यंत वाट पाहतों. रांग त्यामुळें हळू सरकते. पुस्तकाची दुसरी आवृत्ति नुकतीच निघाली. तींत तें वाक्य नाहीं.