याडी

परवा मेहकरला गेले होते. बसस्टँडवर मागून हाक आली, "ताईऽऽ!" वळून पाहिलं तर आमच्या शेतावर कामाला असायच्या त्या वहिनी. घरच्यांना लगेच कळेल मी कुणाबद्दल बोलतेय ते. सोबत त्यांचा मुलगा होता. केवढा उंच झालाय! मोबाईल पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवून ठेवलेला आणि समोरच्या मित्राशी दोन्ही हातांनी भराभर खुणांनी गप्पा चाललेल्या. मधूनच खदाखदा हसत होता.

वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मित्रायसंग किती बोलते पाहा. मले त्यातलं काईच समजत नाही."

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट २०११ ची. पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलत नव्हतं. हाकेला वळत नव्हतं. तांड्यावर सगळे म्हणायचे, बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला होता. शेवटी शहरात तपासणी झाली आणि दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही असं कळलं. कानाची मशीन मिळाली. छातीवर खिशात ठेवायची, पेन्सिल सेलवर चालणारी. पुढे बोलायला शिकवण्यासाठी एका केंद्रात जायचं होतं. वहिनींना शहरातलं मराठी अवघड जायचं, म्हणून समजावून सांगायला मी सोबत.

वहिनी बंजारा. घरात गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी. गोरमाटीला स्वतःची लिपी नाही आणि जनगणनेत ती हिंदीच्या खात्यात मोजली जाते. त्यामुळे कागदावर ही भाषा जवळजवळ नसतेच. केंद्रातल्या फॉर्मवर 'मातृभाषा' या रकान्यात मीच बिनदिक्कत 'मराठी' लिहिलं. तेवढाच वेळ वाचला!

तिथल्या बाईंनी सांगितलं, "घरी फक्त मराठी बोला. शुद्ध. दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल. आणि हातवारे अजिबात करायचे नाहीत, नाहीतर तो बोलायचा नाही." मी ते वहिनींना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, चांगलं दटावून सांगितलं. सुशिक्षित ना मी!

सोबत चित्रांचा तक्ता मिळाला होता. त्यात 'आई' होती, पण त्यांच्याकडे आईला याडी म्हणतात. त्यात 'पोळी' होती, घरात बाटी, म्हणजे आपली भाकर. आमच्या वऱ्हाडातल्या 'माय'चा म तरी ओठांवर दिसतो. ओठ मिटतात, उघडतात, बहिऱ्या लेकराला नजरेनं पकडता येतो. पण तक्त्यात 'माय'ही नव्हती.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले तर वहिनी चुलीपुढे आणि पोरगं शेजारी. दोघंही गप्प. मी विचारलं, बोलत का नाही त्याच्याशी? म्हणाल्या, "ताई, तसं मराठी मले येत नाही. चुकीचं बोलल्यापरीस चूप राह्यलेलं बरं."

ज्या लेकराच्या कानात दिवसभर शब्द पडायला हवे होते, त्याच्या आईचं तोंडच आम्ही बंद केलं होतं. हातही बांधले होते.

पुढे दिवाळीनंतर घरातले सगळे ऊसतोडीला गेले. फडात घामानं मशीन बिघडली, सेल संपले. केंद्रातल्या तारखा चुकल्या. पाडव्याच्या सुमारास परत आले तेव्हा त्याच्या कागदावर शेरा होता, 'पालक उदासीन'. कारखान्याच्या हंगामाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

खूप नंतर अमेरिकेतल्या एका संस्थेबद्दल वाचलं. नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मतः बहिरा होता. त्याची आई लुईस ट्रेसी यांनी १९४२ मध्ये लॉस एंजेलिसला पालकांसाठी जॉन ट्रेसी क्लिनिक सुरू केलं. लहान बहिऱ्या मुलांच्या आईवडिलांना ते टपालानं घरबसल्या धडे पाठवायचे, तेही फुकट. पुढे हे धडे स्पॅनिशमध्येही निघाले, कारण त्या भागात स्पॅनिश बोलणारी कितीतरी कुटुंबं. आधी इंग्रजी शिका, मग मुलाला शिकवू, असं त्या आयांना सांगून भागणार नव्हतं. वाचताना सारखा आमचा तो तक्ता आठवत होता.

आज या क्षेत्रातले जाणकार सांगतात की आईनं तिला सहज येणाऱ्या भाषेतच बोलावं. भाकर थापताना भाकरीबद्दल, पाणी शेंदताना पाण्याबद्दल. एकच शब्द शंभरदा. केंद्रातली बाई आठवड्यातून तासभर भेटणार, बाकी सगळा वेळ आईच शिकवणार असते. खुणांनी बोलणं बुडतं हेही आता कुणी तसं ठामपणे म्हणत नाही. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. त्या भाषेनंच या पोराला मित्र दिले. शाळेच्या वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून शिकला तो. फक्त त्याच्या आईला ती शिकवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

बस यायला वेळ होता. पोरानं फोन खिशात टाकला, आईकडे वळून दोन्ही तळवे एकमेकांवर थापले. वहिनींनी पिशवीतून भाकर काढून दिली. ही खूण त्यांची घरची. बंदी असतानाही कशी कोण जाणे टिकलेली.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, तवा मी आपल्या बोलीत बोलत राह्यली असती, तं आज माह्यासंगही बोलला असता का तो?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

असो. तुमच्या ओळखीत असं लहान लेकरू असेल, तर त्याच्या आईला एवढंच सांगा, तुला येतं त्या भाषेत बोल. हातांनी बोल, तोंडानं बोल, चुकीचं बोल. पण गप्प राहू नकोस.