जात कोणती?

घरात तान्हे मूल आले की लोक विचारतात, "नाव काय ठेवले?" कुत्रे आले की विचारतात, "जात कोणती?" हा शोध मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी लागला, आणि तोही चिंगीमुळे.

चिंगी आमच्याकडे गेल्या श्रावणात आली. पुण्याबाहेरच्या एका आश्रयस्थानातून आमच्या मुलीने तिला आणले. हमरस्त्याच्या कडेला ती मोडक्या पायाने पडलेली सापडली होती. अंगाने मांजराहून थोडी मोठी. एक कान उभा, दुसरा पडलेला. पाय आखूड आणि शेपटी मात्र एखाद्या भरदार कुत्र्याकडून उसनी आणल्यासारखी झुपकेदार! दिवसभराच्या कामातून उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ब्रह्मदेवाने तिला तिन्हीसांजेला घडविली असावी. डाव्या कानाच्या टोकाला एक छोटा काप होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले की ओळखीसाठी करतात, तोच हा काप. आश्रयस्थानाने आमच्याकडून एक लांबलचक अर्ज भरून घेतला. गच्चीला कठडा आहे काय, घरातल्या सर्वांची संमती आहे काय, परगावी गेल्यास हिला कोण सांभाळणार, सारे काही विचारले होते. आमची जात तेवढी विचारली नव्हती.

पहिले तीन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. कोणी केरसुणी उचलली की भिंतीला चिकटून डोळे मिटून घ्यायची. ते पाहून आमच्या सौभाग्यवतींनी केरसुणी दाराआड ठेवून दिली आणि केर काढण्याची वेळ बदलली. चौथ्या रात्री मी वाचीत बसलो असता पायाला काही ऊबदार लागले. चिंगीने माझ्या पावलावर हनुवटी टेकली होती. तासभर मी पाय हलविला नाही.

असे असूनही पुढच्याच आठवड्यात मी तिचा अपमान केला. माझे एक स्नेही आले. त्यांच्याकडे वंशावळीच्या कागदासह विकत घेतलेला कुत्रा आहे. त्यांनी तो सुप्रसिद्ध प्रश्न विचारला, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "वडील पॉमेरेनियन होते." त्यांनी चष्मा सावरून पाहिले. "पण हा कानाचा काप?" "खेळताना लागले," मी म्हणालो. एक खोटे सांभाळण्यासाठी दुसरे बोलावे लागते, हा जुना नियम मला पुन्हा पटला. आतल्या दाराशी मुलगी उभी होती. ती काही बोलली नाही.

त्या रात्री मी मनाशी पुष्कळ वाद घातला. कुत्रा माणसाच्या सोबतीला आला त्याला निदान पंधरा हजार वर्षे झाली; लंडनचा केनेल क्लब निघाला तो १८७३ साली. म्हणजे ही वंशावळींची वही कालपरवाची. धर्मराजाने ज्या कुत्र्यासाठी इंद्राचा रथ नाकारला, त्याची जात सांगावी असे व्यासांनाही वाटले नाही. वाद उत्तम होता. परंतु तो मी स्नेह्यांसमोर घालायला हवा होता.

दोन दिवसांनी चिंगीचे केस विंचरता विंचरता मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी एकाला घरी बोलावले आहे. आम्ही लग्न करायचे म्हणतो आहोत." तिने नाव सांगितले, नोकरी सांगितली, आडनाव सांगितले नाही. मग फणीतले केस काढीत शांतपणे म्हणाली, "लोक तुम्हाला विचारतील. तेव्हा त्याचेही वडील पॉमेरेनियन होते म्हणून सांगणार का?"

आमच्या घरात जातपात मानीत नाहीत, हे मी तीस वर्षे सर्वांना सांगत आलो आहे. ते खरे आहे की नाही, हे पाहण्याचा प्रसंग मात्र तीस वर्षांत आला नव्हता.

रविवारी तो मुलगा आला. संकोचाने खुर्चीच्या कडेवर बसला. चिंगीने त्याला दुरून पाहिले, जवळ येऊन बूट हुंगले आणि पाच मिनिटांत त्याच्या पावलावर हनुवटी टेकली. तिची चौकशी तेवढ्यात संपली. बिचाऱ्याने पाय हलविला नाही. चहा गार होऊ दिला.

मी त्याला आडनाव विचारले नाही. ओठांवर आले होते, हे मात्र कबूल करतो.